लाल कुपीतलं पिवळं

१

डीप फ्रीझरमधून कुपी बाहेर आली आणि तिच्याभोवती उभे असलेले आम्ही पाचही जण एकदम पुढे वाकलो. कुपीत लाल स्फटिक असायला हवे होते. निघाले पिवळे. लिंबाच्या सालीसारखे फिकट, स्वच्छ, चकचकीत पिवळे.

कुपी जिच्या हातात होती त्या मुलीला प्रयोगशाळेत सगळे लाली म्हणतात. कित्येक वर्षं ती हे लाल स्फटिक बनवते आहे म्हणून. तिने कुपी उजेडाकडे धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. रडली नाही. फक्त तिचे ओठ पांढरे पडले.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"चिठ्ठीवर अक्षर कुणाचं आहे?" सरांनी विचारलं. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक.

"माझंच."

"मग?"

तिने कुपी पुन्हा उजेडाकडे धरली. मी मात्र तिचं पहिलं वाक्य मनात ठेवलं. मुली 'माझं वाटोळं झालं' म्हणतात, 'असं कसं झालं' म्हणतात. ही म्हणाली, हे माझं नाही.

मी तिच्या परीक्षेसाठी दुसऱ्या संस्थेतून आलेली परीक्षक. आमच्याकडे मला बाई म्हणतात, पाठीमागे तिखट म्हणतात, आणि दोन्ही मला मान्य आहे. ज्यांचा रसायनशास्त्राशी शाळेनंतर संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कार्बनला चार हात, आणि ते सगळे गुंतलेले असले की तो शांत. कार्बिन म्हणजे दोनच हात गुंतलेला, बाकीच्यांसाठी हपापलेला कार्बन. मोकळा सोडला तर समोर येईल त्याला चिकटतो. क्रोमियमसारख्या धातूने त्याला धरून ठेवलं की मग तो कुपीत राहतो आणि आपण सांगू तेव्हा काम करतो. लालीचे लाल स्फटिक म्हणजे असं धरून ठेवलेलं कार्बिन. त्यातून दोन रिंगांचा सांगाडा एका टप्प्यात उभा करायची नवी रीत तिने शोधली होती. इतर लोक ज्यात महिना घालवतात ते ती जेवणाच्या सुट्टीआधी उरकायची.

आज तिने ते माझ्यासमोर करून दाखवायचं होतं. ही अट सरांनीच घातली होती. तिची शिष्यवृत्ती या महिन्यात संपत होती. आज जमलं तर पदवी, आणि पदवीवर अडकलेली एक चांगली नोकरी. नाही जमलं तर इतक्या वर्षांचं काम घेऊन घरी.

"हवा लागली असणार," एक गुबगुबीत तरुण म्हणाला. हे जावईबापू. सरांचे खरोखरचे जावई, आणि याच प्रयोगशाळेत संशोधक. सगळी पोरं त्यांना तोंडावर बापू म्हणतात, बाकीचा शब्द पाठीमागे जोडतात.

मी त्यांच्याकडे पाहिलं. हवा लागली की या स्फटिकांचा हिरवट चिखल होतो आणि त्याला गोडसर वास येतो. हे ज्याने एकदा जरी हे कार्बिन हाताळलंय त्याला ठाऊक असतं.

सर मात्र जाणकार. त्यांनी जावयाला नजरेनेच दाबलं आणि म्हणाले, "हवा नाही. अमाईनची वाफ. हिच्या शेजारच्या बाकावर दिवसभर मासळीबाजार भरलेला असतो. कुपी उघडी ठेवून गप्पा मारत बसली असेल."

रसायनशास्त्र बरोबर होतं. अमाईन ही मासळीसारख्या वासाची मंडळी. लाल कार्बिनला अमाईन भेटलं की त्यातला ऑक्सिजनवाला गट उठतो, अमाईन त्याच्या जागी बसतं, आणि लाल रंगाचा पिवळा होतो. हे पिवळं कार्बिन टिकाऊ, पण सुस्त. लालीच्या नव्या रीतीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

"बाई, तुम्ही अहवालात एवढंच लिहा," संस्थेचे संचालक घड्याळाकडे बघत म्हणाले. "उमेदवाराच्या निष्काळजीपणामुळे प्रात्यक्षिक झालं नाही."

मी कुपी हातात घेतली. बूच घट्ट. स्फटिक वरपासून तळापर्यंत सारखे पिवळे, मध्ये लालचा एक ठिपकाही नाही. वाफेने आधी वरचा थर पिवळा झाला असता. कुपीवरच्या चिठ्ठीला वरून पारदर्शक टेप गुंडाळली होती. फ्रीझरमधल्या तिच्या इतर रसायनांच्या कुप्या मी पाहिल्या. एकीलाही टेप नव्हती.

"मी काहीही लिहिणार नाही," मी म्हणाले. "हा निष्काळजीपणा नाही. हे कोणीतरी केलंय."

२

सरांची खोली मोठी, थंड आणि आरशासारखी पुसलेली. टेबलावर मात्र सहीसाठी आलेल्या कागदांचा हा ढीग, वर काचेचं वजन, आणि वजनावर धूळ. सह्या करणं सरांना कमीपणाचं वाटत असावं.

"बसा बाई. तुम्हाला राग येतोय, मला कळतं," सर म्हणाले. मला हे वाक्य ऐकलं की जास्त राग येतो.

"तुम्हाला येत नाही? तुमच्या विद्यार्थिनीचं काम कोणीतरी मातीत घातलं."

"मला वाईट वाटतं. पण ही मुलगी हट्टी आहे. शोधनिबंधावर बापूंचं नाव पहिलं घालायला सांगितलं तर मला म्हणाली, त्यांनी केलंय काय? असं बोलतात का मार्गदर्शकाशी?"

"काय केलंय त्यांनी?"

सर हसले. उठून खिडकीजवळच्या कपाटापाशी गेले. काचेमागे लाकडी घोडी होती आणि तिच्या भोकांमध्ये सीलबंद नळ्या उभ्या होत्या. नारिंगी, किरमिजी, फिकट पिवळ्या.

"ही माझी जवानी, बाई. माझ्या स्वतःच्या प्रबंधातली कार्बिनं. ही पिवळी डायमिथाइल अमाईन घालून केलेली. अजून जशीच्या तशी आहेत. तेव्हा आम्ही हाताने काम करायचो."

"आता?"

"आता बाकापाशी जायला वेळ कुठाय? किती वर्षं झाली, आठवतही नाही."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी तिचा अभिमान बाळगणारी माणसं मी फार पाहिली आहेत. त्या घोडीचं एक भोक रिकामं होतं.

"ही कुठे गेली?"

"फुटली. झाडणारीच्या हातून." त्यांनी कपाट बंद केलं, किल्ली खिशात टाकली. "बाई, मार्ग आहे. तुम्ही एवढ्या लांबून आलात, प्रात्यक्षिक वाया जायला नको. बापूंनीसुद्धा तेच लाल कार्बिन बनवून ठेवलंय. तीच अभिक्रिया ते तुम्हाला करून दाखवतील. काम संस्थेचं आहे, कोणी दाखवलं हे महत्त्वाचं नाही."

"आणि लाली?"

"तिला पुढे कधी संधी मिळेलच."

'पुढे कधी' हा शब्दप्रयोग ज्यांनी शोधला त्यांना मी कधीच माफ करणार नाही. तिच्या शिष्यवृत्तीला पुढे कधी नव्हतं. हे या माणसाला माहीत होतं आणि तो मला चहा विचारत होता.

मी बाहेर आले तर संचालक दारातच उभे. "बाई, दुपारी सेमिनार हॉलमध्ये सगळे जमतील. तोवर अहवालावर सही होऊ दे. बाहेर बोभाटा नको."

"सही करायची का बोभाटा, ते मी दुपारी ठरवते," मी म्हणाले.

३

जिन्यापाशी बाकावर एक बाई मांडीवर पिशवी धरून बसली होती. पोळी-भाजीचा डबा आणि बहुधा नवीन कपड्यांचा जोड. लालीची आत्या. चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आईबाप गेल्यावर पोरीला तिनेच वाढवलं.

"झालं का हो पोरीचं?" तिने मला विचारलं.

"अजून नाही."

"आत काहीतरी पाणी मुरतंय. मघाशी बाहेर आली ती माझ्याकडे न बघता पुढे गेली. लहानपणी कप फोडला की अशीच करायची. पण आज तिने फोडला नाहीये ना काही?"

"नाही. तिने नाही."

"मग कोणी फोडला त्याचं नाव सांगा. मी बघते त्याच्याकडे." तिने ते इतक्या शांतपणे म्हटलं की मला क्षणभर ती कल्पना फार आवडली.

आत प्रयोगशाळेत लाली तिच्या बाकापाशी रिकामे फ्लास्क धूत होती. धुतलेलेच पुन्हा धूत होती.

"चिठ्ठीवर टेप तू लावलीस?" मी विचारलं.

"नाही बाई. मी कुपी कोरडी आणि खोलीइतकी कोमट असताना चिठ्ठी चिकटवते, मग फ्रीझरमध्ये ठेवते. ती आपोआप सुटत नाही. गार काचेवर दव येतं, तिथे चिकटत नाही. तेव्हा टेप लागते."

"म्हणजे कोणीतरी गार कुपीवर चिठ्ठी लावली."

"किंवा सोडवून परत लावली. मला कळत नाही. बाई, मला आता काहीच कळत नाही."

"दुसरे स्फटिक बनवायला किती वेळ लागेल?"

"सामान असेल तर दोन दिवस." ती थांबली. "सामान नाहीये."

मी पुढे विचारणार तेवढ्यात शेजारच्या बाकावरून काचेचं काहीतरी खळ्ळकन फुटलं. तिथे एक हडकुळा मुलगा उभा होता. एप्रनवर पिवळे डाग, बोटं पिवळी, नखंही. याला सगळे पिवळ्या म्हणतात. तो शेजारच्या मार्गदर्शकांचा विद्यार्थी, आणि अमाईनचा मासळीबाजार त्याचाच.

"घाबरलास?" मी विचारलं.

"नाही बाई."

"मग काच का फुटली?"

"सगळे म्हणतायत की मीच केलं. माझ्या बाकावर अमाईन आहे म्हणून. सर मघाशी येऊन म्हणाले, तुझ्या गाइडशी बोलतो, तुझंही बघतो."

"केलंस?"

"आईशप्पथ नाही! लाली माझी मैत्रीण आहे. मी तिचं वाईट का करीन?"

हे त्याने माझ्या डोळ्यात बघून म्हटलं. मला पटलं. मग मी अगदी साधा प्रश्न विचारला.

"तिला कधी काही दिलंस का? सामान वगैरे?"

पिवळ्याने मान खाली घातली. लालीने नळ जोरात सोडला.

"नाही," तो म्हणाला. "मी तिला काहीच दिलं नाही. कधीच नाही."

हे तो धडधडीत खोटं बोलत होता. आणि ती ते झाकत होती.

४

खोटं बोलणाऱ्याला खोदत बसण्यापेक्षा कुपीला विचारावं म्हटलं. रसायनांना दडपण येत नाही आणि त्यांना जावईही नसतात.

मुद्दा सोपा होता. अमाईन कार्बिनवर जाऊन बसतं ते कायमचं. म्हणजे ज्या अमाईनने हे केलं ते स्वतः या पिवळ्या स्फटिकांत अडकून पडलं असणार. तळघरात चुंबकाचं मोठं मशीन आहे. रेणूतला कुठला हायड्रोजन कुठे बसलाय हे ते कागदावर शिखरं काढून दाखवतं. चिमूटभर पिवळं नळीत घालून मी आत सोडलं आणि पिवळ्याला शेजारी उभं केलं.

कागद बाहेर आला. डावीकडे कार्बिनला जोडलेल्या बेन्झीनच्या रिंगचे पाच हायड्रोजन, छान उंच. उजवीकडे दोन मिथाइल, एकमेकांपासून दूर. बाकी कोरं. लाल रंगाला जबाबदार असलेल्या गटाचा मागमूस नाही.

"डायमिथाइल अमाईन," मी म्हणाले. "तुझ्याकडे आहे?"

"नाही बाई! माझी सगळी अमाईनं रिंगवाली. हे तर वायुरूप, त्याची टाकी लागते. अख्ख्या इमारतीत टाकी नाही." त्याचा चेहरा उजळला. मग त्याने कागद नीट पाहिला आणि तो उजेड विझला. "बाई, एक मिनिट. हे पाच कशाचे?"

"रिंगचे. त्यात काय?"

"नाही... म्हणजे हे असायलाच नकोत."

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "आता खरं बोल. मी तुझ्या गाइडची हेर नाही."

तो बोलला, आणि बोलताना अर्ध्यावर रडला. या कार्बिनमधली रिंग येते ब्रोमोबेन्झीनमधून. दुसरीकडून कुठूनही नाही. लालीच्या प्रयोगशाळेतली ब्रोमोबेन्झीनची बाटली उन्हाळ्यातच संपली होती. तिने मागणीचा कागद दिला. सरांची सही झाली नाही. पुन्हा दिला. झाली नाही. सगळीकडे विचारलं, कोणी दिलं नाही. प्रात्यक्षिक जवळ आलं. तेव्हा पिवळ्याने आपल्या गाइडच्या कपाटातून, न विचारता, एक उरलेली बाटली तिला दिली. ब्रोमोबेन्झीनच, पण जड हायड्रोजनवालं. एका बंद पडलेल्या प्रकल्पासाठी आणलेलं, महागडं. कळलं असतं तर त्याला काढूनच टाकलं असतं.

"वागायला तर दोन्ही सारखीच ना बाई. म्हणून ती म्हणाली, चालेल. कोणाला सांगितलं नाही. माझ्यासाठी."

जड हायड्रोजन दिसायला, वागायला साध्याचा सख्खा भाऊ. फरक दोनच. वजनाला जास्त, आणि या मशीनला तो दिसत नाही. लालीच्या स्फटिकांत रिंगच्या जागी मशीनने कोरा कागद काढायला हवा होता. त्यावर अमाईन ओतलं असतं, तरी रिंग तीच राहिली असती. कोरीच.

माझ्या हातातल्या कागदावर मात्र पाच हायड्रोजन ताठ उभे होते.

हे माझं नाही, ती म्हणाली होती. पोरगी अक्षरशः खरं बोलली होती. तिचे स्फटिक बिघडलेच नव्हते. कोणीतरी ते उचलून नेले होते आणि तिथे जुनं, साध्या रिंगचं पिवळं कार्बिन ठेवून, वर तिच्या कुपीवरून सोडवलेली चिठ्ठी टेपने चिकटवली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिघडवणं मी एक वेळ समजू शकते, माणसं मत्सराने करतात. पण हे हिशेबाने केलं होतं. कुपी नाहीशी झाली असती तर शोधाशोध झाली असती. बिघडली म्हटलं की कोणी शोधत नाही. उलट जिचं गेलं तिच्याच डोक्यावर खापर फोडता येतं.

डायमिथाइल अमाईनचं, जुनं, सीलबंद, पिवळं. मी घोडीतलं ते रिकामं भोक आजच पाहिलं होतं.

"बाई, आता काय करायचं?" पिवळ्याने विचारलं.

"आता," मी उठले, "बापूंचं प्रात्यक्षिक बघायचं."

५

सेमिनार हॉल भरला होता. पुढे सर, शेजारी संचालक. लाली शेवटच्या रांगेत, आणि तिच्याजवळ, कोणाची परवानगी न घेता, पिशवी धरून आत्या. टेबलावर बापूंनी सगळी मांडणी केली होती आणि मध्यभागी एक कुपी ठेवली होती. लाल. डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल स्फटिक.

लाली अर्धी उभी राहिली. तिने ते ओळखले होते, आई जशी गर्दीत आपलं पोर ओळखते तसे. मी तिला हातानेच बस म्हटलं.

"सुरू करण्याआधी यातलं चिमूटभर मला मशीनसाठी हवंय," मी म्हणाले. "परीक्षकाचा तेवढा हक्क असतो."

"जरूर जरूर," सर म्हणाले. पिवळ्या नळी घेऊन तळघरात पळाला.

"तोवर दोन प्रश्न, बापू. फार सुंदर झालेत स्फटिक. कसे केलेत?"

बापू खुलले. त्यांनी पाठ केलेलं घडाघडा सांगितलं. ब्रोमोबेन्झीनपासून लिथियमवाला अभिकर्मक, तो गार ठेवून क्रोमियमच्या कार्बोनिलमध्ये, मग मिथाइलचा गट. सगळं बरोबर होतं. पुस्तकात असतं तसं.

"ब्रोमोबेन्झीन कुठलं?"

"आपलंच. प्रयोगशाळेतलं."

"कुठली बाटली?"

"कपाटातली, मॅडम. साधी तपकिरी बाटली. दरवेळी तीच वापरतो." ते सभेकडे बघून हसले. "काही खास लागत नाही त्याला."

"कधी केलेत?"

"गेल्याच आठवड्यात."

"लाली," मी मागे वळले, "ती तपकिरी बाटली कधी संपली?"

"उन्हाळ्यात." तिचा आवाज हॉलच्या शेवटपर्यंत पोचला. "मागणीचा कागद सरांच्या टेबलावर आहे. काचेच्या वजनाखाली. वरून तिसरा की चौथा असेल."

हॉलमध्ये कुजबुज झाली. बापूंच्या तोंडचं पाणी पळालं. सर घाईने म्हणाले, "बापू, बाहेरून आणलं असेल म्हणायचंय तुम्हाला. विसरलात."

"हो! हो, बाहेरून. मित्राकडून. साधंच, पण."

"साधंच?"

"साधंच, मॅडम. शंभर टक्के."

पिवळ्या धापा टाकत आला आणि त्याने दोन कागद माझ्या हातात दिले. मी दोन्ही फळ्यावर लावले. एक सकाळच्या पिवळ्याचा, एक आत्ताच्या लालचा.

"हे तुमचं लाल, बापू. हा इथे मिथाइल, बरोबर. आता डावीकडे बघा. साध्या ब्रोमोबेन्झीनपासून केलेल्या रिंगचे पाच हायड्रोजन इथे दिसायला हवेत. काय दिसतंय?"

बापूंनी पाहिलं. काहीच दिसत नव्हतं. सरळ, कोरी रेघ.

"मशीन बिघडलं असेल," ते पुटपुटले.

"आज सगळं बिघडतंच आहे इथे. मशीनने मिथाइल बरोबर दाखवलं, फक्त रिंगवर रुसलं? या रिंगमध्ये जड हायड्रोजन आहे. या इमारतीत तसली एकच बाटली होती, आणि ती वापरून एकाच माणसाने हे कार्बिन बनवलं. ती मुलगी मागे बसलीये. बाटली तिच्याकडे कशी आली ते तिच्या मैत्राचं प्रकरण आहे, त्याचं काय ते मी ज्यांची बाटली होती त्या गाइडशी बोलीन. तुमच्या हातात तिचे स्फटिक कसे आले, ते तुम्ही बोला."

सर उभे राहिले. खरं सांगते, हा माणूस उभा राहताना अजूनही रुबाबदार दिसत होता. "हे मला नवीन आहे," ते म्हणाले. "बापू, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. संचालकसाहेब, यात माझा काही संबंध नाही. मी स्वतः चौकशी करीन."

असे हात झटकलेले मी उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत. पोटच्या पोरीचा नवरा होता तो.

"बसा सर," मी म्हणाले. "तुमचा कागद अजून वाचायचाय. हा सकाळचा. तिच्या चिठ्ठीखाली ठेवलेलं पिवळं. साधी रिंग आणि डायमिथाइल अमाईन. इथे त्या अमाईनची टाकी कोणाकडेच नाही, म्हणजे हे इथे हल्ली बनलेलं नाही. असं जुनं कार्बिन एकाच घोडीत आहे, आणि त्या घोडीचं एक भोक रिकामं आहे."

"ती नळी फुटली. झाडणारीने—"

"झाडणारीकडे कपाटाची किल्ली असते?"

सरांनी नकळत खिसा चाचपला. ते सगळ्यांनी पाहिलं.

आणि मग बापूंचा बांध फुटला. "मी म्हणालो होतो नको!" ते जवळजवळ किंचाळले. "म्हणालो होतो, मला बनवता येत नाही तर नाही. तुम्हीच नळी आणून दिलीत. तुम्हीच म्हणालात, तीच रिंग आहे, कोणाला कळणार नाही. चिठ्ठी चिकटेना तर टेप तुमच्याच खणातून आणली. आणि आता चौकशी करणार? माझी?"

सर खाली बसले. बसताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

त्यांची चूक काय ते मला कळलं होतं आणि मी ते त्यांना ऐकवलं, कारण ऐकवल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. "कार्बिन तुम्हाला अजून येतं, सर. पिवळं कुठलं ठेवायचं ते अचूक निवडलंत. फक्त तुमच्या विद्यार्थिनीच्या कपाटात काय आहे आणि काय संपलंय, हे तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलं नाहीत. तो एक कागद वर आला असता, तुम्ही सही केली असती, तर साधी बाटली आली असती. तिने साधं कार्बिन केलं असतं, तुम्ही ते चोरलं असतं, आणि मी आज काहीही सिद्ध करू शकले नसते."

संचालक माझ्या कानाशी वाकले. "बाई, हे घरातल्या घरात मिटवता येईल. सरांचं वय—"

"तिचंही वय झालंय," मी मोठ्याने म्हणाले. "तुमच्या सह्यांची वाट बघता बघता. बोभाटा करायचा की नाही ते दुपारी ठरवते म्हटलं होतं. ठरवलं. माझ्या अहवालात हे सगळं येईल, नावानिशी, आणि त्याची प्रत विद्यापीठाला जाईल."

मागच्या रांगेतून आत्याने विचारलं, "म्हणजे कप फोडला तो हा का?" तिचा हात पिशवीच्या बंदावर होता. लालीने तो धरला, दाबला आणि सोडून पुढे आली.

ती टेबलापाशी आली. बापू बाजूला झाले, जरा जास्तच लांब झाले. तिने कुपी उचलली. तिच्यावर बापूंच्या अक्षरातली चिठ्ठी होती. ती तिने नखाने सोलून काढली आणि कुपी मुठीत घट्ट धरून उभी राहिली. हॉलमध्ये सगळे तिच्याकडे बघत होते. संचालकांनी घसा खाकरला.

"काय झालं? सुरू करा ना."

"थांबा," ती म्हणाली. "गार आहे अजून."

आम्ही थांबलो. सर थांबले, बापू थांबले, संचालक थांबले. तिचे डोळे आता भरून आले होते, पण मूठ हलली नाही. काच कोमट झाल्यावर तिने कुपी एप्रनला पुसली, कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि अंगठ्याने दाबून चिकटवली. टेप लागली नाही.

"आता सुरू करते, बाई," ती म्हणाली.